वलणी

आई तिला दोरी म्हणत नसे. वलणी म्हणे.
गुहागरहून सूरला येताना
जे सामान बांधून आणलं तिनं,
त्यातला हा एक शब्द, वजनात न धरलेला.

वडील मच्छीमार बोटींची इंजिनं उघडत, मिटवत.
कुणा नाखव्यानं दिलेला निळा नायलॉन
त्यांनी भिंतीतल्या हुकापासून ताणला
थेट मागच्या झाडापर्यंत.
शेजारची मौझा त्या झाडाला सिद्र म्हणे.
आईनं एक फळ चावून पाहिलं:
अगं, ही तर बोरी!
त्या दिवसापासून झाड आमच्या नात्यात आलं.

माझं मराठी त्या परसातलं.
पीळ. झटक. उलटं करून घाल.
काळे सावलीत.
परकर टॉवेलाच्या आड, माणसं येतात-जातात.
शाळेच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

उन्हाळ्यात दोन वारे.
एक समुद्रावरचा, दमट,
कपड्यांना रात्रीपर्यंत आंबट ओल धरवणारा.
दुसरा वाळवंटातून, तव्यावरून उठल्यासारखा:
शेवटच्या चादरीपाशी पोहोचावं
तो पहिली चड्डी वाळून पापड.
मौझा त्याला घरबी म्हणे.
आईला ऐकू येई, घरची.
"घरची सुटली गं आज," म्हणत ती
बादली घेऊन धावे, दोन दिवसांचं धुणं एकदम काढी.
पुढे अरबीच्या तासाला कळलं,
घरबी म्हणजे पश्चिमेचा.
मी आईला सांगितलं नाही.
तसाही तो निघे वाळवंटातून आणि जाई समुद्राकडे,
आणि वडिलांच्या शर्टांच्या बाह्या
सगळ्या एका दिशेला ताठ,
गुहागरकडे.

मौझाला मराठी येत नव्हतं.
आईची अरबी मासळीच्या भावापुरती.
पण आमच्या घरातलं सगळं मौझा दोरीवरून वाची:
पाहुणे आले, वडिलांची पाळी बदलली,
शिरूनं पुन्हा अंथरूण ओलं केलं.
एका हिवाळ्यात जुन्या पातळाचे
तळहाताएवढे लंगोट
आईनं शिवून, धुऊन, उन्हात घातले. बारा.
तेही तिनं वाचले, आणि खजूर पाठवले.

मग तीन दिवस दोरी रिकामी.

चौथ्या सकाळी मौझा आली, विचारलं काहीच नाही.
झाकणाचं पातेलं चुलीशी ठेवलं,
बादली उचलली, आमचं धुणं धुतलं,
काळे उन्हात घातले, शिवणी आत, सगळं चुकीचं.
आई खिडकीतून बघत होती. बोलली नाही.
ते बारा लंगोट मौझानं घडी करून
आपल्या काळ्या अबायाखाली नेले.
कुठे ठेवले, कुणी विचारलं नाही.

आता मस्कत. नववा मजला.
लिफ्टमध्ये सूचना: बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत.
ड्रायर घुमतो, थांबतो, शीळ घालतो.
कपडे ऊबदार निघतात,
पण ताप आलेल्या माणसासारखे,
कसलाच वास नसलेले.
गेल्या वर्षी मी अकरा दिवस इस्पितळात होते.
परतले तर वॉचमन हसून म्हणाला,
सुट्टी कशी झाली, मॅडम?

परवा लेकीला घेऊन सूरला गेले.
भिंत नाही. हूकही नाही.
मौझाच्या घराच्या जागी मोबाईलचं दुकान.
बोरी आहे.
खोडात, माझ्या खांद्याच्या उंचीवर,
सालीनं गिळलेला एक निळा वेढा,
बाहेर बोटभर टोक.
ओढून पाहिलं. झाड सोडेना.
उन्हानं कुजलेला नायलॉन
चिमटीत भुगा होऊन आला.

हे काय आहे, लेकीनं विचारलं.
वलणी, मी म्हटलं.
तिनं तो शब्द तोंडात घोळवला
बोराच्या आठोळीसारखा,
कुठे थुंकावा ते न कळून.